प्रोटीन तेवीस, तरी बटेर दीडशेच्या आत

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जिथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, अशा एका गावात जुन्या गोठ्याला जाळी मारून बटेरांची, म्हणजे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जपानी लावा पक्ष्यांची, शेड केली आहे. मालक तिशीतला, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पाळीवर जातो. पिल्लांचं सगळं त्याची आई बघते. ठरावीक अंतराने पाचशे पिल्लांची खेप येते, पाच आठवडे वाढते आणि विकली जाते. थोडे पक्षी हायवेच्या ढाब्यांना जातात, थोडे बेळगावातल्या खाणावळींना, उरलेले चोर्ला घाट उतरून गोव्याला. गिऱ्हाईक नगावर भाव करतं, पण हातात उचलून बघितल्याशिवाय घेत नाही. सोललेला पक्षी ताटात भरलेला दिसला पाहिजे, म्हणून १८० ग्रॅमच्या खालचा माल पडेल भावातच द्यावा लागतो.

पहिल्या खेपा चांगल्या गेल्या होत्या. मग लागोपाठच्या दोन खेपांत पक्षी बारीक राहिले. पाच आठवडे भरले तरी सरासरी वजन दीडशे ग्रॅमच्या आत. सल्ल्यासाठी मला केलेल्या फोनवर त्याचं म्हणणं एवढंच होतं, "सर, खाद्य तर खायलेत, पण वाढंना झालेत."

या वाक्यातला पहिला भाग महत्त्वाचा होता. आजारी पिल्लू आधी खाणं सोडतं. इथं मर फारशी नव्हती, विष्ठा नीट होती, खाद्याची पोती नेहमीच्याच वेगानं संपत होती. उलट वजनाच्या मानानं खाद्य जास्तच लागत होतं. चांगल्या खेपेत पक्षी पाच आठवड्यांत साधारण अर्धा किलोच्या वर खाद्य खातो आणि एक किलो वजनामागे तीन किलोच्या आसपास खर्ची पडतं. इथं हा आकडा चारच्या जवळ गेला होता.

शेडमध्ये जे दिसलं

बटेराचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम ७ ते ९ ग्रॅमचं असतं. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ ते ३७ अंश ऊब लागते. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेवढी ऊब राखणं सोपं नाही, त्यामुळे पहिला संशय ब्रूडरवर, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बच्या व्यवस्थेवर, गेला. पण पिल्लं बल्बखाली गोळा झालेली नव्हती, भिंतीलाही चिकटलेली नव्हती, सगळीकडे सारखी पसरलेली होती. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकलेले होते. हा पक्षी इतका लहान की उथळ भांड्यातही बुडून मरतो, आणि हे त्या माउलीला कुणी सांगावं लागलं नव्हतं. जागा पक्ष्यामागे १५० ते २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाटीही नव्हती.

खेप एकसारखी नव्हती. काही पक्षी बरे, काही अगदीच किरकोळ. बटेरात मादी नरापेक्षा जड असते, त्यामुळे नुसत्या सरासरीवर विसंबून चालत नाही. तीन आठवड्यांनंतर छातीचा रंग बघून नर-मादी ओळखता येतात: नराची छाती तांबूस आणि बिनठिपक्यांची, मादीची राखट आणि काळ्या ठिपक्यांची. दोन्ही वेगळे करून तोलले. दोन्हीकडे वजन कमीच भरलं.

पाठीवरची पिसं विरळ होती, काहींची शेपटीकडची बाजू टोचून लाल झाली होती. आणि दोन पक्षी सोलल्यावर खरी गोष्ट दिसली. छाती चपटी, पण पोटात आणि गुदद्वाराजवळ पिवळी चरबी. उपाशी पक्ष्याच्या अंगावर चरबी नसते. ज्याला उष्मांक भरपूर मिळतात पण मांस बांधायला लागणारा माल मिळत नाही, त्याचं शरीर असं दिसतं. इथून पुढे ब्रूडर, पाणी, रोग हे सगळं मी बाजूला ठेवलं आणि खाद्य मिसळायच्या घमेल्याकडे वळलो.

घमेल्यातलं गणित

सुरुवातीच्या खेपांना तो बाजारातलं ब्रॉयलर प्री-स्टार्टर (ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लांचं अगदी सुरुवातीचं खाद्य) देत होता. भाव चढल्यावर त्याने स्वतःच मिश्रण बसवलं: शंभर किलोला ४० किलो ब्रॉयलर स्टार्टर (त्याच्या पुढच्या टप्प्याचं खाद्य), ३५ किलो मका भरडा आणि २५ किलो घाण्यावरची शेंगदाणा पेंड. हिशोब त्याने वहीत मांडला होता आणि तो बरोबर होता. स्टार्टरमध्ये २२ टक्के प्रथिन, मक्यात ९, पेंडीत सुमारे ४५. बेरीज २३ च्या थोडी वर जाते. "प्रोटीन तेवीस केलंय की सर," हे तो अभिमानाने म्हणाला, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

बटेर पक्षी भारतात १९७४ साली आणले गेले आणि पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत त्यांच्यावर पुष्कळ काम झालं. तरी खेड्यापाड्यात पोचलं ते एकच वाक्य: बटेराला ब्रॉयलरपेक्षा जास्त प्रोटीन लागतं. वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. पोत्यावरचा प्रथिनाचा आकडा प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढतात. तो नायट्रोजन कशातून आला, हे त्या आकड्याला कळत नाही. (म्हणूनच युरिया मिसळलेली पेंडही कागदावर सरस ठरते.) पक्ष्याला प्रथिन असं काही लागतच नाही. त्याला लागतात लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन, आर्जिनिन, व्हॅलिन अशी वेगवेगळी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे सुटे घटक, प्रत्येक आपापल्या मापात.

ही मापं अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली छापली आणि पुढे बरीच वर्षं आधार म्हणून तीच वापरली गेली. वाढत्या जपानी बटेरासाठी एक किलो खाद्यात २९०० किलोकॅलरी ऊर्जा, २४ टक्के प्रथिन, १.३० टक्के लायसिन, ०.५० टक्के मिथिओनिन, मिथिओनिन आणि सिस्टीन मिळून ०.७५, थ्रिओनिन १.०२. आपल्याकडे पहिल्या तीन आठवड्यांना २७ टक्क्यांपर्यंत प्रथिन सुचवणारेही आहेत. माझं मत असं की अमिनो आम्लं भरलेली असतील तर त्या वरच्या तीन टक्क्यांचा फायदा थोडा आणि अमोनियाचा त्रास जास्त.

आता त्याच्या मिश्रणात लायसिन किती? ब्रॉयलर स्टार्टरमध्ये मानकाप्रमाणे १.२ टक्के, मक्यात जेमतेम पाव टक्का, शेंगपेंडीत सुमारे दीड. एकूण भरतं ०.९५ टक्के. मिथिओनिन ०.३८. सोयापेंड आणि शेंगपेंड प्रथिनाच्या आकड्यात जवळपास बरोबरीच्या, पण सोयापेंडीत लायसिन २.८ च्या घरात आणि शेंगपेंडीत जवळजवळ निम्मं. तेवीसचा आकडा भरला तो या निम्म्या मालाने.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निदान झालं असतं, पण प्रकरणाची गोम त्याच्या पुढच्या उपायात होती. पक्षी वाढत नाहीत म्हणून कुणीतरी त्याला सांगितलं की थंडी आहे, ताकद कमी पडते, पोत्याला किलोभर तेल घाल. त्याने घातलं. बारीक राहिलेल्या दोन खेपांतली दुसरी पहिलीपेक्षाही बारीक निघाली, ती त्या तेलानंतर.

पक्षी बऱ्याच अंशी ऊर्जेच्या मापाने खातो. अंगाला हवे तेवढे उष्मांक मिळाले की चोच थांबते, मग लायसिन पुरं झालेलं असो वा नसो. म्हणून अमिनो आम्लं खाद्याच्या टक्क्यांत बघण्यापेक्षा दर हजार किलोकॅलरीमागे किती ग्रॅम, असं बघावं लागतं. १९९४ च्या मापाने हजार किलोकॅलरीमागे लायसिन ४.५ ग्रॅम आणि मिथिओनिन १.७ ग्रॅम हवं. त्याच्या मिश्रणाची ऊर्जा किलोला ३०४० किलोकॅलरीच्या आसपास येते, म्हणजे लायसिन ३.१ आणि मिथिओनिन १.२५. गरजेच्या सत्तर-बहात्तर टक्के. त्यात पन्नास किलोला एक किलो तेल घातलं की ऊर्जा ३१५० वर जाते, अमिनो आम्लं तेलात शून्य, आणि लायसिन २.९ वर घसरतं. पक्ष्याचं पोट लवकर भरलं, लायसिन आणखी कमी मिळालं आणि उरलेले उष्मांक पोटाखाली चरबी होऊन साठले. तेल देऊन त्याने पिल्लांना आणखी उपाशी ठेवलं, फक्त ती उपासमार लायसिनची होती.

ज्या प्री-स्टार्टरवर पहिल्या खेपा चालल्या, त्याला हेच गणित लावून बघितलं. भारतीय मानकात ब्रॉयलर प्री-स्टार्टरला २३ टक्के प्रथिन, ३००० किलोकॅलरी, लायसिन १.३ आणि मिथिओनिन ०.५ असं माप आहे. हजार किलोकॅलरीमागे लायसिन ४.३. म्हणजे प्रथिन तिथेही तेवीसच होतं. फिनिशरचं (ब्रॉयलरच्या शेवटच्या टप्प्याच्या खाद्याचं) माप २० टक्के प्रथिन, ३२०० किलोकॅलरी आणि लायसिन १.०, म्हणजे ३.१. बटेराला फिनिशर घालणारे सीमाभागात बरेच आहेत आणि त्यांचे पक्षी बारीक का राहतात, याचं उत्तर याच भागाकारात आहे.

हे समजावताना मी अडखळत होतो, तेवढ्यात मालकच पुढे सरसावला. म्हणाला, भट्टीत चार्ज भरताना एक धातू कमी पडला तर दुसरा जास्त टाकून कास्टिंग सुधारत नाही, तसंच ना? तसंच. जे अमिनो आम्ल सगळ्यात कमी, तिथे मांस बांधणं थांबतं. बाकीची उरलेली आम्लं शरीर मोडून टाकतं, त्यांचा नायट्रोजन युरिक आम्ल होऊन बाहेर पडतो, आणि तोच पुढे शेडमध्ये अमोनियाचा वास होऊन डोळ्यांना झोंबतो. पिसांचंही कोडं इथंच सुटलं. पिसं केराटिनची, केराटिनमध्ये सिस्टीन भरपूर. सिस्टीन शरीर मिथिओनिनपासून करू शकतं, उलट मात्र होत नाही. मिथिओनिन तोकडं, म्हणजे पिसं विरळ, आणि उघड्या पाठीवर शेजारच्या पक्ष्याची चोच.

नवं खाद्य

दोन वाटा होत्या. सरळ वाट म्हणजे पुन्हा प्री-स्टार्टर, काही न मिसळता. पाचशे पक्ष्यांच्या शेडला मी खरं तर तीच सुचवतो, कारण घरी मिसळण्यातली बचत पहिल्याच चुकीत निघून जाते. पण त्याच्याकडे भरडायचं यंत्र होतं, बैलहोंगल-सौंदत्तीकडचा मका ओळखीने मिळत होता आणि मिसळायची हौसही होती.

म्हणून शंभर किलोचं असं बसवलं: मका ५१ किलो, सोयापेंड ४४, तेल २, चुनखडी पूड १ किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १ किलो २०० ग्रॅम, मीठ ३००, डीएल-मिथिओनिन १४०, एल-थ्रिओनिन १०० आणि जीवनसत्त्व-खनिजांचं प्रीमिक्स अडीचशे ग्रॅमच्या आसपास, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. प्रथिन २४ च्या थोडं वर, ऊर्जा सुमारे २८७५, लायसिन १.३६. मक्यात लायसिन नसल्यासारखंच, पण चव्वेचाळीस किलो सोयापेंड ते एकटी भरून काढते, म्हणून वरून लायसिन घालावं लागलं नाही. मिथिओनिन मात्र मका आणि सोया मिळून ०.३६ वर थांबतं. मका-सोयाच्या कुठल्याही खाद्यात पहिली कमतरता मिथिओनिनचीच पडते. थ्रिओनिन ०.९२ भरतं, तेही थोडं कमी. कॅल्शियम ०.८ टक्क्यांच्या जवळ, वाढत्या पक्ष्याला तेवढंच पुरे.

तेल पुन्हा आलं, हे बघून तो हसला. या वेळी ते जागेवर होतं. सोयापेंडीत ऊर्जा किलोला साडेबावीसशेच्या आसपास, त्यामुळे पेंड वाढवली की खाद्य हलकं पडतं आणि तेल ती तूट भरून काढतं. शिवाय अमिनो आम्लं आता ऊर्जेच्या पुढे होती, मागे नव्हती.

त्याच्या आईने एक गोष्ट सांगितली नसती तर हेही खाद्य फसलं असतं. "तळाला पीठ तेवढं राहतंय बघा. मक्का टिपून टिपून खातात." भरडा जाड होता. बटेराचं पिल्लू दिसेल तो कण वेचतं, आणि मिथिओनिन, थ्रिओनिन, प्रीमिक्स हे सगळं नेमकं त्या तळच्या पिठात. भांड्यातून उरलेलं पीठ रोज उकिरड्यावर जात होतं. चाळणी बदलून मका बारीक केला, तेलामुळे पीठही कणांना चिकटलं. १४० ग्रॅम भुकटी शंभर किलोत थेट ओतली की एका घमेल्यात येते आणि दुसऱ्यात येत नाही, म्हणून ती आधी एक किलो पेंडीत, मग त्यातून पाच किलोत, मग पंचवीस किलोत आणि शेवटी ढिगात अशी कालवायची सवय लावली. हे काम त्याच्या आईने हातात घेतलं आणि मुलापेक्षा बरं केलं.

जुन्या खेपेवर हा प्रयोग केला नाही. मागे पडलेलं बटेर चौथ्या-पाचव्या आठवड्यात थोडी भर काढतं, पण पाच आठवड्यांला विक्री असल्यावर त्या भरीला वेळच उरत नाही. नवी खेप पहिल्या दिवसापासून नव्या खाद्यावर घेतली आणि दर आठवड्याला पन्नास पक्षी तोलले. पहिल्या आठवड्याअखेर वजनं पंचविशीच्या पुढे होती, तिसऱ्याला शंभरीच्या जवळ. पाचव्या आठवड्याला माद्या १९० च्या आसपास, नर १८० ला टेकलेले. खाद्य किलोमागे महाग पडलं, पण वजनाच्या एका किलोमागे ते पुन्हा तिनाच्या आसपास आलं. टोचाटोची जवळपास थांबली. चरबीचं तर पक्षी सोलणाऱ्या ढाबेवाल्यानेच सांगितलं, की आता ती पोटात निघत नाही.

त्यानंतरचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न घरच्या सोयाबीनचा. त्यांच्या मामांचं शेत निपाणीकडे, तिथून दरवर्षी काही पोती घरी येतात. सोयापेंड विकत कशाला घ्यायची, सोयाबीनच भरडून घालू, तेलही आपोआप येईल, असा त्याचा विचार होता. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन हे प्रथिन पचवणारं विकर. ते अडलं की स्वादुपिंड जास्त काम करून सुजतं, आणि त्या वाढीव पाचकरसात पक्ष्याचं स्वतःचं मिथिओनिन-सिस्टीन वाहून जातं. जे कमी पडत होतं तेच आणखी कमी. कारखान्यातली सोयापेंड वाफेवर भाजलेली असते, म्हणून तिला ही अडचण नाही. कढईत भाजून चालेल का, याला माझं उत्तर नाही असंच होतं: वरून करपतं, आत कच्चं राहतं, आणि करपलेल्या दाण्यातलं लायसिन साखरेशी बांधलं जाऊन पक्ष्याला पचत नाही. सोयाबीन बाजारात विकून पेंड आणणं स्वस्त पडतं.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिलमध्ये बेळगाव फारसं तापत नाही, पण पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पक्षी खाणं कमी करतात. कमी खाणं म्हणजे लायसिनही कमी. तेव्हा तेल किलोभर वाढवून मिथिओनिन आणि थ्रिओनिन त्याच प्रमाणात वाढवायचं आणि सोयापेंडीला हात लावायचा नाही, असं ठरलं. पावसाळ्यात याच्या उलट. खानापूरच्या बाजूने येणारी दमट हवा आठ-आठ दिवस हटत नाही, शेड वाळत नाही, अमोनिया चढतो. त्या दिवसांत सोयापेंड ३८ वर आणून मका ५७ करायचा, तेल निम्म्यावर आणायचं आणि प्रथिन २२ पर्यंत खाली येऊ द्यायचं. त्यात लायसिन १.२ च्या आसपास भरतं, म्हणून एल-लायसिन सव्वाशे ग्रॅम वरून, आणि मिथिओनिन-थ्रिओनिनही थोडं जास्त. विष्ठेतला नायट्रोजन कमी होतो आणि पक्षी बारीक राहत नाही.

"म्हणजे बावीस करून पण चालतंय?" त्याने विचारलं. मी वही मागितली, हजार किलोकॅलरीचा भागाकार त्यालाच करायला लावला. लायसिन ४.५ आलं.

आता त्याला काही माद्या अंड्यांसाठी ठेवायच्या आहेत. सहा-सात आठवड्यांला त्या अंड्यावर येतील, तेव्हा प्रथिन २० आणि लायसिन १.० पुरतं, पण कॅल्शियम अडीच टक्के लागतं. ते खाद्य वाढत्या पिल्लांच्या भांड्यात गेलं तर कॅल्शियम तिप्पट होईल. दोन्हींचे पिंप वेगळे, झाकणांना वेगळे रंग, आणि मिसळायचे दिवसही वेगळे ठेवले आहेत.